जिजींचं अपील

जिजी आपल्या भाडेकरूंना नावानं हाक मारत नसत, मुलखानं मारत. "ए नांदेड, तुझं दूध उतू चाललंय!" "बिहार, सायकल आडवी लावू नगं, कुणीतरी पडंल." मी परभणी. पुढे आमच्याच तालुक्यातलं एक जोडपं शेजारच्या खोलीत राहायला आलं, तेव्हा क्षणाचाही विचार न करता जिजींनी त्यांना 'धाकटी परभणी' करून टाकलं आणि मी आपोआप थोरली झाले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांच्या तोंडून कधी ऐकल्याचं आठवत नाही. "नावाचं काय, एका नावाची धा माणसं असत्यात," असं त्या म्हणायच्या. "गावावरनं माणूस कळतं."

तळवड्यात, छोट्या कारखान्यांच्या शेडांमागे त्यांच्या खोल्या होत्या. तीन बाजूंनी भाड्याच्या खोल्या, मध्ये अंगण आणि चौथ्या बाजूला त्यांचं स्वतःचं जुनं कौलारू घर. कधीकाळी त्या सगळ्या भागात ज्वारी-भुईमुगाचं रान होतं. रस्ता आला, शेड उभ्या राहिल्या, नवरा गेला, आणि उरल्यासुरल्या तुकड्यावर जिजींनी या खोल्या बांधल्या. एकुलती एक लेक भोसरीला दिलेली. शेजारच्या शेडमधला प्रेस दिवसभर धपधप करायचा. नव्या माणसाला सुरुवातीचे काही दिवस झोप लागायची नाही. "आमी जिथं शेंगा उपटायचो, तिथं ह्यो आता लोखंड बडवतोय," जिजी त्याला सांगायच्या, आणि त्यांच्या आवाजात प्रेसबद्दल रागही नसायचा. प्रेस हाही जणू त्यांचाच एक भाडेकरू.

दार वाजवून आत यायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी आणि माझा नवरा दोघंही चाकणला कामाला जायचो. तो एका कंपनीच्या स्टोअरमध्ये, मी गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर. सेकंड शिफ्टला जाण्याआधी मी स्वयंपाक करत असले की जिजी सरळ आत येत, पातेल्यावरचं झाकण उचलत, नाकानंच चव घेत आणि निकाल देत, "मीठ ऱ्हायलंय." मीठ खरंच राहिलेलं असायचं. कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, कुणाचा ओव्हरटाइम बंद झाला, सगळं त्यांना न सांगता कळायचं. "माझ्या घरात सुई पडली तरी मला आवाज येतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एक दिवस माझ्याकडे नुसतं बघून त्या म्हणाल्या, "आजपास्नं कंपनीत जिना चढताना सावकाश." मी विचारलं, का? "चहा सोडलास ना तू? वास नको वाटतोय. दवाखान्यात जाऊन ये." माझ्या लेकीची पहिली बातमी मला अशी घरमालकिणीकडून कळली.

पुढे ती लेक त्यांच्याच मांडीवर वाढली. आमच्या दोघांच्या शिफ्टा एकाच वेळी यायच्या, तेव्हा ती जिजींकडे असायची. पाळणाघराचा विषय मी एकदाच काढला. जिजी चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यांच्या घरावर एक मोठा माळा होता. जिना त्यांच्या स्वयंपाकघरातून, वर दाराला कुलूप, आणि किल्ली जिजींच्या कमरेला. खोली सोडून जाणारा प्रत्येक माणूस जाताना म्हणायचा, जिजी, तेवढं एक बोचकं ठेवू का, नंतर नेतो. जिजी म्हणायच्या, "ठेव की. जागा काय खायला मागती व्हय?" त्या माळ्यावर गाद्या होत्या, बंद पडलेले कूलर होते, ट्रंका, शिलाई मशीन, कुणाच्या तरी लग्नात आलेला कधी न उघडलेला डिनर सेट. काही जण नेत, काही जण शहरच सोडून जात. जिजी कुणाच्याही सामानाला हात लावत नसत. दुसऱ्याचं गाठोडं सोडायचं नाही, हा त्यांचा नियम होता. बाकी सगळीकडे नाक खुपसणाऱ्या बाईचा हा एवढा एकच नियम पुढे त्यांच्या अंगावर आला.

सगळ्या भाडेकरूंमध्ये एकट्या सागरला त्या नावानं हाक मारत. सागर टेम्पो चालवायचा. एका उन्हाळ्यात दुपारी जिजी अंगणात चक्कर येऊन पडल्या. आम्ही बायका घाबरून नुसत्या वारा घालत बसलो होतो. सागरनं त्यांना उचललं, भरलेल्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसवलं, माल कुठं पोचवायचा होता ते विसरून दवाखाना गाठला आणि लेक-जावई येईपर्यंत तिथून हलला नाही. त्यापायी त्याची ती नोकरी गेली. तेव्हापासून तो सागर झाला. त्याच्या ताटात भाकरी आधी पडायची. पुढे त्यानं आईला गावाहून आणलं, थेरगावला खोली घेतली आणि जिजींची खोली सोडली. जाताना तोही एक काळी बॅग माळ्यावर ठेवून गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी, सकाळी आम्ही अंगणात कपडे धूत असताना पोलिसांची गाडी आली. सागर कुठल्याशा मारामारीच्या प्रकरणात सापडला होता आणि त्याच्या चौकशीतून त्यांना हा पत्ता मिळाला होता. साहेब बोलायला नीट होते. त्यांनी विचारलं, "आजी, हे घर कुणाचं?"

"माझं."

"वरचा माळा?"

"त्यो बी माझाच. ही बघा किल्ली."

"वर काय काय आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"माझ्या घरात सुई पडली तरी मला आवाज येतो," जिजी म्हणाल्या, आणि स्वतःच पुढे होऊन कुलूप काढलं.

वरून एकेक सामान खाली आलं. काळ्या बॅगेत शर्ट-पँट होते, दाढीचं सामान होतं आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेली एक लोखंडी वस्तू. जिजींनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो काय, नळाचा तुकडा?" तो गावठी कट्टा होता. शेजारी दोन काडतुसं होती.

"बॅग कुणाची आजी?"

जिजींनी बॅगेकडे बघितलं. त्यांच्याकडे एखाद्या प्रश्नाचं उत्तर नसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यांना अटक झाली. लेकीनं आणि जावयानं धावपळ करून जामीन मिळवला, पण तोवर काही दिवस कोठडीत गेलेच. त्या दिवसांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. एकदाच, डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "तिथल्या बायका चांगल्या व्हत्या. एक जालना व्हती. लई हसवायची."

खालच्या कोर्टात खटला चालला. आरोपी दोघं, सागर आणि जिजी. मी रजा टाकून त्यांच्याबरोबर जायचे. त्यांची लेक कोर्टाच्या पायरीवरच रडायला लागायची, म्हणून जिजी तिला नेत नसत. पंचांपैकी एकानं आपण काहीच बघितलं नाही असं सांगितलं, दुसऱ्याला बॅगेचा रंग आठवेना. सागर कधी जिजींकडे राहत होता याचा एकही पुरावा नव्हता, कारण जिजी कुणाशी भाडेकरार करतच नव्हत्या आणि आम्हा भाडेकरूंना साक्षीला कुणी बोलावलंच नाही. शेवटी आरोपींना काय म्हणायचं आहे ते विचारतात, तो दिवस आला. आधी सागरचा नंबर होता. तो खाली मान घालून म्हणाला, "बॅग माझी नाही. मी त्या घरात कधी राहिलेलो नाही. या बाईंना मी ओळखत नाही."

मी जिजींकडे बघितलं. त्या सागरकडे बघत होत्या, तो मान वर करेल म्हणून. त्यानं केली नाही.

मग मॅजिस्ट्रेटनी जिजींना विचारलं. वकिलानं त्यांना पढवलं होतं की 'मला माहीत नाही' एवढंच म्हणा. जिजी ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्यो मला वळखत न्हाई म्हणतोय, मंग मी बी त्याला वळखत न्हाई. घर माझं. किल्ली माझी. माळा माझा. त्यात जे काय असंल ते माझ्या घरातलं."

ते शब्द तसेच्या तसे टाइप झाले. सागर पुराव्याअभावी सुटला. जिजींना बेकायदा हत्यार बाळगल्याबद्दल दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. अपील करता यावं म्हणून त्याच कोर्टानं शिक्षा महिनाभर थांबवली आणि त्या संध्याकाळी आम्ही दोघी पीएमटीच्या बसनं घरी आलो. बसमध्ये एका कॉलेजच्या मुलीनं उठून त्यांना जागा दिली. जिजी बसल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे बाय, बस तू," म्हणाल्या आणि दांडा धरून तळवड्यापर्यंत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्या खोल्यांत यायच्या बंद झाल्या. अंगणातून जाताना कुणाचं दार उघडं असेल तर मान दुसरीकडे वळवत. एकदा माझं कालवण करपलं, धूर अंगणात गेला, तरी त्या ओट्यावर बसून होत्या. मी म्हटलं, "जिजी, हाक नाही का मारायची?" त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुला म्हाईत असंल." पोलिसांच्या भीतीनं दोन-तीन जणांनी खोल्या सोडल्या. जाताना कुणी माळ्याचं नाव काढलं नाही.

अपिलासाठी वकील मिळाला तो चाकणचा. शेखवकील. वयानं तरुण, वडिलांचं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान. हळू बोलायचा आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचा. जिजींनी पहिल्याच भेटीत त्याचं 'चाकण' करून टाकलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

"चाकण, खरं सांग. सुटंन का मी?"

"सुटाल जिजी. पण कसं, ते ऐका. अपिलात सहसा नवा साक्षीदार आणता येत नाही. खालच्या कोर्टात जे झालं त्यात चूक कुठे आहे, ते वरच्या कोर्टाला दाखवायचं. आता कायद्यात ताबा म्हणजे नुसतं घरात वस्तू सापडणं नाही. ती तिथे आहे हे त्या माणसाला माहीत असायला लागतं. तर मी कोर्टाला सांगणार की तुम्हाला माहीत नव्हतं."

"मला म्हाईत न्हवतं?"

"हो."

"माझ्याच घरातलं?"

"हो जिजी."

जिजींनी पदर सावरला. "ते काय जमायचं न्हाई. दुसरं सांग कायतरी. म्हातारी हाय म्हण. गुडघं दुखत्यात म्हण. चूक झाली, पोटात घाला म्हण."

"चूक झाली म्हटलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं."

"अन् म्हाईत न्हवतं म्हणलं की मी येडी ठरते."

शेखवकील माझ्याकडे बघायला लागला. वकालतनाम्यावर सही न करता जिजी उठल्या. त्यानं माझ्याजवळ कागद दिला आणि म्हणाला, "ताई, मुदत संपली की या वयात तुरुंगात जावं लागेल त्यांना. तुम्ही बघा."

लेकीनं समजावलं, जावयानं समजावलं. भावकीतल्या एका दिरानं येऊन तर सांगितलं की एखाद्या परप्रांतीय भाडेकरूचं नाव घे आणि मोकळी हो. जिजींनी त्याला चहा दिला आणि चहा संपल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, परत ह्या गोष्टीसाठी आलात तर चहा न्हाई मिळायचा." त्या वेळी 'बिहार' समोरच्या नळावर हातपाय धूत होता.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याजवळ मेथी निवडत बसले. माझी लेक आत झोपली होती. मग मी म्हटलं, "जिजी, तुम्ही खोटं बोलत नाही ना?"

"न्हाई बोलत."

"मग मला सांगा. त्या बॅगेत ते आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांचा हात थांबला. "गप निवड."

"सांगा ना. होतं माहीत?"

जिजी मेथीच्या काड्या बोटांनी मोडत राहिल्या, पानंही, काड्याही, सगळंच एकत्र. मग हळू म्हणाल्या, "न्हवतं." काड्या खाली ठेवून म्हणाल्या, "त्या पोरानं मला उचलून न्हेलं तवा त्याचं काळीज कसं धडधडत व्हतं, ते माझ्या कानाला ऐकू येत व्हतं, परभणी. मला वाटलं, ह्याचं समदं कळलं आपल्याला. काय कळलं व्हतं? डोंबल." आणि पदर तोंडाला लावून त्या रडल्या. कोठडीतून आल्यावर रडल्या नव्हत्या, शिक्षा ऐकून रडल्या नव्हत्या. शिक्षेपेक्षा हे मोठं होतं. ज्याला पोटच्या पोरासारखं मानलं, त्याची आपल्याला माहितीच नव्हती, हे कागदावर लिहून द्यायचं होतं.

डोळे पुसून त्यांनी कागद मागितला. मेथीचे हात लुगड्याला पुसले आणि सही केली. दुसरीपर्यंतच्या शाळेची सही. एकेक अक्षर वेगळं, पण स्वच्छ.

पुण्यातल्या वरच्या कोर्टात अपील दाखल झालं, शिक्षेला स्थगिती मिळाली, आणि मग तारखा पडत राहिल्या. माझी लेक चालायला लागली, बोलायला लागली. ज्या दिवशी सुनावणी झाली, त्या दिवशी जिजी इस्त्रीचं लुगडं नेसल्या होत्या. शेखवकिलानं शांतपणे एकेक गोष्ट मांडली. माळ्यावर कितीतरी भाडेकरूंचं सामान होतं. हत्यार सापडलं त्या बॅगेत पुरुषाचे कपडे आणि दाढीचं सामान होतं, आणि या एकट्या राहणाऱ्या विधवा बाई. पोलिसांना कुलूप त्यांनी स्वतः काढून दिलं. लपवायचं असतं तर किल्ली सापडत नाही म्हणाल्या असत्या. सरकारी वकिलांनी उत्तरात जिजींचेच शब्द वाचून दाखवले, घर माझं, किल्ली माझी, माळा माझा.

न्यायाधीश बाई होत्या, मध्यमवयीन. त्यांनी चष्मा काढला आणि मागच्या बाकावर बसलेल्या जिजींकडे बघितलं. "आजी, तुम्हाला काही सांगायचंय?"

शेखवकिलानं घाईनं मागे वळून बघितलं. गेल्या वेळी याच प्रश्नाला जिजींनी काय उत्तर दिलं होतं, ते त्याला पाठ होतं. मीही जिजींचा पदर धरला. जिजी माझा हात सोडवून उभ्या राहिल्या.

"मी तवा बोलले ते खोटं न्हाई, बाईसाहेब. घर माझंच हाय. किल्ली बी माझीच. पर आत काय हाय ते मला म्हाईत न्हवतं." त्यांनी पुढच्या बाकाची कड धरली. "मला वाटायचं, म्हाईत हाय."

एवढं बोलून त्या बसल्या. न्यायाधीश बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. शेखवकील पुढे बोलणार होता, पण त्यानं हातातले कागद खाली ठेवले.

निकाल नंतरच्या तारखेला लागला. जिजी निर्दोष सुटल्या. शेखवकिलानं बाहेर व्हरांड्यात त्यांना निकालातला मजकूर मराठीत समजावून सांगितला. इतक्या माणसांचं सामान जिथे ठेवलं जातं, तिथल्या प्रत्येक गाठोड्यात काय आहे याची जाणीव घरमालकिणीला होती, असं केवळ किल्लीवरून धरून चालता येणार नाही.

जिजींनी पूर्ण ऐकून घेतलं. "म्हंजी मला काय बी म्हाईत नसतं, असं कोर्टानंच लिवून दिलं म्हण की."

"तसंच जिजी."

"आता जावयाला काय तोंड दावू?" असं म्हणून त्या हसायला लागल्या. इतक्या महिन्यांनी ते हसू ऐकून शेखवकिलाला आणि मलाही हसू आवरेना. शिपाई आत बोलावतोय की बाहेर काढतोय, तेही आम्हाला कळलं नाही.

मला वाटलं, संपलं सगळं. पण पुढच्याच सुट्टीच्या दिवशी जिजी नेसून तयार होऊन माझ्या दारात उभ्या. "चल, थेरगावला जायचंय." कशाला, ते मी विचारलं नाही. डांगे चौकापासून आत, मंडईच्या मागच्या गल्लीत सागरची खोली होती. पत्ता जिजींनी कधी आणि कुणाकडून मिळवला, देव जाणे.

दार सागरनंच उघडलं. जिजींना बघून तो मागे सरला. दाढी वाढलेली, खांदे उतरलेले. जिजी आत गेल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"कशापायी ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

एकानं सांभाळायला दिलं होतं, तो म्हणाला. नाही म्हणायची हिंमत नव्हती. फेकायचीही नव्हती. "तुमच्या घरात कुणी हात लावणार नाही, एवढं माहीत होतं, जिजी."

"ते ठेवलंस, ते समजले मी," जिजी म्हणाल्या. "भ्याला असशील. पर कोर्टात काय म्हणालास? वळखत न्हाई. आता वळखतोस का?"

सागर काही बोलायच्या आत त्याची आई पदराला हात पुसत बाहेर आली. पोराच्या केसमध्ये आणखी कुणी अडकलं होतं, याचा तिला पत्ता नव्हता. पोराच्या कुणी ओळखीच्या बायका असतील, असं वाटून ती हसली, "अगंबाई, उन्हात का उभ्या? या ना आत. सागर, कोण रे या?"

गल्लीत भाजीवाल्याची गाडी चालली होती. ती पुढे गेली. मग सागर खाली बसला, उंबऱ्यातच, आणि म्हणाला, "आई, या जिजी. मी यांच्याकडं राहत होतो. यांनी मला पोरासारखं जेवू घातलं. मी गुन्हा केला आणि शिक्षा यांना झाली."

त्याच्या आईचा चेहरा मला बघवेना. ती एकदा पोराकडे बघे, एकदा जिजींकडे. तिनं पुढे होऊन जिजींचे पाय धरले, तेव्हा जिजींनी तिला दंडाला धरून उठवलं.

"झाली कुठं शिक्षा? सुटले की मी," त्या म्हणाल्या. "चहा टाका तुमी. साखर कमी."

आणि मग त्या आत गेल्या. चहा पिऊन होईपर्यंत सागरशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्याच्या आईशी मात्र गुडघ्यांविषयी, गावाविषयी, पावसाविषयी बोलत राहिल्या. निघताना फक्त म्हणाल्या, "तुजी बॅग पोलिसांनी न्हेली. बाकी काय ऱ्हायलं असंल तर येऊन घेऊन जा."

परतताना रिक्षात मी विचारलं, "माफ केलंत का त्याला?"

"माफ कराया मी काय जज्ज हाय?" जिजी म्हणाल्या. रिक्षा पुलावर चढली. मग बाहेर बघत म्हणाल्या, "लई वाळलंय पोरगं."

पुढे आम्ही मोशीला फ्लॅट घेतला आणि खोली सोडली. जिजी गेल्या त्याला आता दोन वर्षं होत आली. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. निरोप कसा पसरला कोण जाणे, पण मी पोचले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. फर्स्ट शिफ्ट सुटून माणसं थेट आली होती, निळ्या, करड्या, खाकी गणवेशांत, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं, कुणाच्या पायात अजून सेफ्टी शूज. कित्येक चेहरे माझ्या ओळखीचे नव्हते, माझ्या आधीचे असतील, नंतरचे असतील. 'बिहार' रडत होता. शेखवकील कडेला उभा होता. सागर तिरडी बांधायला बसला होता आणि त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

गावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तांब्या हातात घेतला आणि रिवाजाप्रमाणे हाक दिली, "पाणी पाजायला घरची माणसं पुढं या."

जिजींची लेक उठली. आणि तिच्या मागोमाग अख्खं अंगण पुढे सरकलं.